उजवीकडे बसा, बाई

मशीन दुरुस्त करायला बोलावलेले मेकॅनिक पहिल्यांदा माझ्या लक्षात आले तेव्हा ते माझ्या वॉशिंग मशीनवर दोन्ही तळवे टेकून, डोळे मिटून उभे होते. मशीन धडधडत होतं. मी मागून तीनदा विचारलं, "चहा घेणार ना?" उत्तर नाही. मग वळून म्हणाले, "बेअरिंग गेलंय."

पस्तीस वर्षं शाळेत काढल्यावर एवढं कळतं, की ऐकू न येणारं मूल "काय?" असं कधी विचारत नाही. ते हसून मान डोलावतं. मी विचारलं, "साखर दोन चमचे चालेल?" मेकॅनिक हसले आणि त्यांनी मान डोलावली.

कप घेऊन मी त्यांच्या डावीकडे बसले. "उजवीकडे बसा, बाई. उजेड बरा आहे," ते म्हणाले. खिडकी डावीकडे होती. मी उठून उजवीकडे बसले, आणि गप्पा सुरू झाल्या.

ऐन तरुणपणी ते एका गाजलेल्या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. नाव ऐकून मी चाटच पडले. तेच नाव कर्कटकानं बाकावर कोरल्याबद्दल मी कितीतरी मुलांना उभं केलं होतं.

मी ते सांगितलं तसे ते म्हणाले, "म्हणजे आमच्या कीर्तीला तुमचाही हातभार आहे!"

"मग सोडलात कशाला?"

"दौऱ्यावर बसमध्ये खिडकीच्या जागेवरून भांडण झालं. तावातावानं खाली उतरलो. वाटलं, मनवायला येतील. बस गेली. पुढचे तीन कार्यक्रम बेसशिवाय झाले, बाई. एकाही माणसानं तक्रार केली नाही."

सहा वर्षं ड्रमरच्या झांजांना चिकटून उभं राहिल्यानं डावा कान गेला होता. उजवाही निघायच्या तयारीत होता. हे त्यांच्या बायकोनं सांगितलं. दोघं आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात.

"मी घसा फोडून बोलते. शेजाऱ्यांना वाटतं, नवऱ्याला छळते! कानाचं यंत्र लावा म्हटलं की यांचं ठरलेलं. बँडवाल्यांनी परत बोलावलं तर? बहिऱ्याला कोण घेणार?"

आणि गेल्या वर्षी खरंच बोलावणं आलं. तीस वर्षांनी सगळे एकत्र, एकच कार्यक्रम. फोनची रिंग अर्थातच बायकोला ऐकू आली. मेकॅनिकनी नवे बूट घेतले, जुन्या पँटमध्ये शिरायचा प्रयत्न केला आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली.

"एकदा स्टेजवर उभं राहू द्या, बाई. मग यंत्र लावतो, भोंगा लावतो, म्हणाल ते."

तालमीला बायकोही गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोघं मला सांगायला आले. गायकानं गाण्याचं नाव सांगितलं. सगळ्यांनी हसून मान डोलावली. मग गिटारवाल्यानं एक गाणं धरलं, ड्रमरनं दुसरं, आमच्या मेकॅनिकनी तिसरं. गायक डोळे मिटून चौथंच आळवत होता. चांगली चार मिनिटं हे चाललं. शेवटी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या मुलीनं बटण बंद केलं. ड्रमर तरीही वाजवतच होता.

"ती म्हणाली, 'काका, तुम्ही सगळे वेगवेगळी गाणी वाजवताय,'" मेकॅनिक सांगू लागले. " माझ्या उजवीकडे उभी होती म्हणून मला कळलं. बाकीचे तिच्याकडे बघून मान डोलावत होते."

"मग?"

"बटण चालू करायला लावलं आणि माइकवर सांगून टाकलं, मला ऐकू येत नाही. जन्मात पहिल्यांदा माइकवर बोललो, आणि तेही कोणाला ऐकू गेलं नाही!"

"मी कागदावर लिहून फिरवलं," बायको म्हणाल्या. "तेव्हा गायकानं खिशातून डबी काढली. आत यंत्र. मग ड्रमरनं. मग गिटारवाल्यानं. एकेकाच्या खिशात डबी, आणि आमचेच तेवढे बिनडबीचे!"

कार्यक्रम पुढे ढकलला गेला आणि पुढे बारगळला. नवे बूट आता कामावर घालतात.

हल्ली त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं असतात. मशीन तपासताना ती काढून शर्टाच्या खिशात ठेवतात आणि तळवे टेकतात. काम झालं की परत लावतात, आणि मला सांगतात की ते चहात साखर घेत नाहीत, कधीच घेत नव्हते.