चुलवाणाची बुजवलेली भोकं

आमच्या गुऱ्हाळाच्या धुराड्यातून आता धूर निघताना दिसत नाही. जोतिबाला जाणारे पावणे रस्त्यावर गाडी थांबवून विचारतात, "मामा, गुऱ्हाळ बंद पडलं व्हय?" मी म्हणतो, "काहिलीत बोट घालून बघा, मग सांगा बंद हाय का चालू!" मग ते हसत आत येतात, रस पितात, कोमट गूळ चाखतात. गुऱ्हाळावर आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही, एवढी रीत आम्ही अजून मोडलेली नाही.

धूर गेला ते बरंच झालं. पूर्वी संध्याकाळी खोकलो की काळं पडायचं. तरी मला त्या धुराची आठवण येते. ती का येते हे सांगायचं तर माझी एक चूकही सांगावी लागेल. चूक सांगायची मला सवय नाही, पण आता वय झालं.

मी जळव्या. काहील म्हणजे रस कढवायची मोठी कढई, तिच्याखालच्या भट्टीला आम्ही चुलवाण म्हणतो. त्याच्या तोंडाशी बसायचं आणि उसाची वाळलेली चिपाडं आत सारायची, हे माझं काम. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही रडतखडत. पण जाळ मला वाचता येतो. रस कढायला लागला की आवाज बदलतो, मळी वर यायच्या आधी वास बदलतो, त्यावरून किती चिपाडं घालायची ते हाताला कळतं. गोळी बघायचं काम मालकांचं. ते पाक पाण्यात टाकून बोटांनी वळून बघायचे, पण त्याआधी माझ्याकडं एकदा बघायचे. मी मान हलवली की मगच बोट पाण्यात.

माझं घर ओढ्यापलीकडं. बायको उंबऱ्यातून आमचा धूर बघायची. काळा लोट म्हणजे आधण, म्हणजे रसाची नवी काहील, आत्ताच चढलं. धूर पांढरा आणि बारीक झाला म्हणजे काहील उतरायला आली. मग ती तवा ठेवायची. मी हातपाय धुऊन ओढा ओलांडेपर्यंत भाकरी टोपल्यात पडलेली असायची. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा मला थंड भाकरी मिळाली नाही, न् तिला कधी वाट बघावी लागली नाही.

अशात ती पोरगी आली. शहरात, राजारामपुरीत वाढलेली, इंजिनियर झालेली, आणि पुढं संशोधन करायचं म्हणून आमच्या गुऱ्हाळावर. कमी चिपाडांत, कमी धुरात गूळ होईल असं चुलवाण तिनं कागदावर काढलं होतं. मालकांनी हंगामाच्या तोंडाला जुनं पाडून तिच्या कागदाबरहुकूम नवं बांधून घेतलं. मला कुणी विचारलं नाही. ते मला लागलं, हे कबूल करतो.

पहिल्याच दिवशी तिनं चुलवाणाच्या भिंतीत उष्णता मोजायची वायर खुपसली आणि तिला जोडलेल्या पेटीवरचा आकडा वाचून म्हणाली, "मामा, जाळ कमी पडतोय."

"ती पेटी किती हंगाम गुऱ्हाळावर हाय?" मी विचारलं.

"आजचा पहिलाच दिवस आहे तिचा."

"मग तिला म्हणावं, जरा दम धर."

ती हसली. वाईट नव्हती पोरगी. मांडी घालून माझ्याशेजारी राखेत बसायची आणि मी काय करतो ते वहीत लिहायची. चुलवाणाबद्दल तिनं मला सगळं समजावलं होतं. मी ऐकलं नाही, एवढंच.

आधणं बिघडायला लागली. रस तापायला वेळ लागायचा, धूर जुन्यापेक्षा काळा, आणि जास्त वेळ कढल्यानं गूळ लालभडक. आमच्याकडचा गूळ म्हणजे सोन्यासारखा पिवळा, लाल ढेपा बाजारात न्यायला मालकांना तोंड नव्हतं. चिपाडं तर जुन्या चुलवाणापेक्षा जास्त जायची. मी मनातल्या मनात खूश. खोटं कशाला बोलू?

दोन आठवडे असे गेल्यावर मालक तिला म्हणाले, "बाई, ऊस तोडून पडलाय, वाळाय लागलाय. उद्या एक शेवटचं आधण टाकू. न्हाय जमलं तर ह्ये पाडतो आणि जुन्यासारखं बांधून घेतो. राग मानू नका."

ती चिपाडांच्या ढिगावर बसली आणि कागद उलगडून त्यावर रेघा मारायला लागली. मी जवळ गेलो तर डोळे भरलेले. म्हणाली, "तीन वर्षं गेली मामा या एका कागदात. माझंच गणित चुकलं."

मी कागदाकडं बघितलं. इंग्रजी अक्षरं कळली नाहीत, पण चुलवाण कळलं. मागच्या भिंतीत खाली एका ओळीत गोल काढलेले होते.

"ही काय?"

"वाऱ्याची भोकं. सांगितलं होतं की तुम्हाला. त्यांतून वारा आत गेला की धूर आतच जळतो. सगळा खेळ त्या भोकांवर आहे."

मी राख बघायच्या निमित्तानं चुलवाणाच्या मागं गेलो.

आमच्या धंद्यात फट असलेलं चुलवाण म्हणजे जळव्याची लाज. रोज जाळ घालायच्या आधी माती, शेण आणि राख कालवायची, हात फिरवत चुलवाणाभोवती फिरायचं आणि जिथं फट लागेल तिथं लिंपायचं. हे मला माझ्या बापानं शिकवलं. नव्या चुलवाणाच्या मागच्या अंगाला, राखेच्या खड्ड्याकडं, हाताला भोकं लागली. गवंड्यानं काम अर्धवट टाकलं म्हणून त्याला शिव्या घातल्या आणि सगळी बुजवली, वरून हात फिरवून गुळगुळीत केली. पुढं रोज त्यावर एक हात मारत होतो. त्या खड्ड्यात वाकून बघायला माझ्याशिवाय जातंय कोण?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळावर गेलो आणि सळईनं एकेक भोक मोकळं केलं. लिंपण खड्ड्यात ढकलून वर राख ओढली. मिटलं, असं वाटलं.

जाळ घातला आणि चुलवाण घुमायला लागलं. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, शंख लांबून वाजावा तसा. ज्वाळा लाल नाही, पिवळीधमक. मी नेहमीच्या हिशेबानं चिपाडांची पेंढी उचलली आणि तशीच खाली ठेवली, लागतच नव्हती. मळी लवकर आली, गोळी लवकर आली. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. काहील गूळ निवायच्या वाफ्यात ओतली, गूळ पिवळा. कडेला चिपाडांचा ढीग तसाच.

"जमलं की ओ!" मालक ओरडले.

ती पोरगी मात्र वहीत लिहीत म्हणाली, "आज मी धुराड्याचं झाकण अर्धं लावलं होतं. त्यानंच जमलं. भोकं तर पहिल्यापासून होतीच, म्हणजे त्यांचा काही उपयोग नाही. पुढच्या चुलवाणांना भोकं ठेवायचीच नाहीत."

मी हात धुवायला उठलो, तेवढ्यात ओढ्याकडून बायको येताना दिसली. पदर खोचलेला, धापा टाकत. गुऱ्हाळावर ती वर्षानुवर्षं आली नव्हती.

"अवो, काय झालं? धूर न्हाय, काय न्हाय! मी तवा घिऊन बसलीया तवापासनं. जाळ इझला का तुमास्नीच काय झालं?"

"आधण उतरलं बी," मालक हसले.

"धुराबगर?" तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. नखांत माती. "आणि ह्ये उकरत काय हुता?"

चाळीस वर्षांच्या संसारात तिच्यापुढं माझं खोटं कधी टिकलेलं नाही. आणि समोर वही उघडी होती. त्या वहीवरून उद्या दहा गावांत बिनभोकांची चुलवाणं बांधली जातील आणि त्यांच्यापुढं माझ्यासारखेच जळवे खोकत बसतील, हे मला दिसत होतं.

"बाई, त्ये झाकणाचं खोडा," मी म्हणालो. "भोकं मी लिंपलीती. पैल्या दिसापासनं. आज उघडली."

 मग ती पोरगी उठली, खड्ड्यात उतरली, भोकांत बोटं घालून बघितली. वर आली ती लालबुंद.

"दोन आठवडे मामा! दोन आठवडे मला झोप नाही!"

"व्हय."

"काल कागद बघितला तेव्हा तरी सांगायचं!"

"लाज वाटली," मी म्हणालो. हा शब्द मी मालकांपुढं पहिल्यांदाच बोललो.

ती मग बसली, पान खोडलं आणि म्हणाली, "आता तुम्हीच सांगा. दुसऱ्या गावचा जळव्या लिंपणार नाही असं काय करू?"

मी विचार केला. "भोकात जुन्या पायपाचा तुकडा बसवा. बोटभर भाईर ठेवा. भोक दिसलं की जळव्या बुजवणारच, पण पायप कुणीतरी मुद्दाम लावलाय म्हणून हात लावणार न्हाय."

तिनं ते लिहून घेतलं. आता आमच्या भागात नव्या चुलवाणांना मागून पायपांचे तुकडे दिसतात. ते माझं संशोधन. चौथी शिकलेल्याचं.

"त्ये समदं ऱ्हाऊ द्या," बायको म्हणाली. "धूर न्हाय तर म्या भाकरी कवा टाकायची?"

 दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी फडक्यात बांधून स्वतःच यायला लागली. चिपाडांच्या सावलीत आम्ही दोघं जेवायचो, वर तिची बडबड. पुढं ती गेली, पण मधले चार हंगाम आम्ही असे जेवलो. घरी जेवायचो तेव्हा भाकरी गरम असायची, पण ती मला वाढून चुलीपुढंच बसून राहायची. गुऱ्हाळावर भाकरी गार झालेली असायची, आणि ती माझ्या ताटात जेवायची.