रानशेतची गाडी थांबली तेव्हा

पिकल्या चिकूंचा गोड, किंचित आंबूस वास आला, की मी आजही डहाणूच्या त्या पत्र्याच्या थिएटरात, कापडी आडोशापलीकडच्या बायकांच्या बाकावर जाऊन बसते. साठच्या दशकातली ती संध्याकाळ. मी दहा-अकरा वर्षांची, आईबरोबर आलेली. शेजारी रानशेतहून चिकू विकायला आलेली एक बाई होती, मांडीवर रिकामी टोपली घेऊन. तिला हिंदी उमगत नव्हतं.

“काय बोलली गं ती, बाय?” ती पुन्हा पुन्हा विचारी, आणि मी तिच्या कानाशी मराठीत सांगे. पडद्यावरची आई हरवलेल्या मुलीला शोधत होती. “पोर गावंल ना तिला?” तिचा उष्ण श्वास माझ्या गालावर थरथरे.

“ए पोरी, गप बस की!” मागून कुणी खेकसलं.

“सांगू दे गं, मलाही तेवढंच कळतंय,” दुसरी म्हणाली.

शेवट जवळ आला आणि बाहेर शेवटच्या एसटीचा हॉर्न वाजला. टोपली उचलून ती निघाली. दारापर्यंत पडद्याकडेच पाहत.

सिनेमा संपताच मी आईचा हात सोडवून धावले. गाडी अजून उभीच होती! ड्रायव्हर चिडून हॉर्न वाजवत होता, कारण त्याचा कंडक्टर थिएटरच्या दारात डोळे पुसत उभा होता.

पुढे माझ्या कविता पुष्कळांनी ऐकल्या. पण एसटीच्या खिडकीतून बाहेर झुकलेल्या त्या चेहऱ्याइतकं आतुर कुणी मला पुन्हा दिसलं नाही. मी धापा टाकत पोहोचण्याआधीच तिनं विचारलं,

“गावली?”