आतून रंगवलेले ड्रम

मोटारीच्या चाकाआड एक जाड लोखंडी ड्रम असतो आणि ब्रेक दाबला की त्याच्या आतल्या बाजूला पट्टे घासून गाडी थांबते, हे ज्ञान मला आणि आईला उशिराच झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्हाला ती चार काळी पातेली वाटली.

आमच्या घरी मोटार आली कशी? वडील लालबागच्या गिरणीत फिटर होते. तिथल्या एका साहेबाने मुंबई सोडताना आपली बंद पडलेली गाडी त्यांना देऊन टाकली आणि वडिलांनी ठोकठोक करून ती चालती केली. त्याच दिवशी आईने जाहीर केलं, "दसऱ्याला फणसवाडीत सोनं द्यायला जायचं. गाडीतून. आणि मी अप्पांच्या दारातच उतरणार." अप्पा म्हणजे तिचे वडील. मुलीने गिरणीतल्या माणसाशी लग्न केलं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मी कॉलेजात गेले तरी त्यांचा अबोला सुटला नव्हता. दर दसऱ्याला आई त्यांच्या नावाची आपट्याची पानं बाजूला काढायची आणि रात्री मुकाट्याने देवापुढे ठेवून द्यायची.

मग काय, गाडी नटवायचं वेडच लागलं. वडिलांनी ड्रम काढून चाळीच्या ओट्यावर मांडले. भिंतीभिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहून उरलेला लाल तेलरंग तळमजल्यावरच्या मंडळींनी आनंदाने दिला. "बाहेरून एक हात मारा," एवढं सांगून वडील झेंडू आणायला दादरला गेले. आम्ही पदर खोचून बसलो. बाहेरून झाल्यावर आईने ड्रम उलटा केला आणि नाक मुरडलं. "हे असंच ठेवायचं? कल्हईसुद्धा भांड्याला आतून करतात!" मला पटलं. आम्ही आतून चांगले दोन हात दिले.

वडिलांनी येऊन कपाळावर हात मारला. "अगो, ह्यां काय केलंस!" मग आईचा चेहरा बघून म्हणाले, "जांव दे. घासून जायत."

रंग गेला नाही. ब्रेक दाबला की गाडी थांबायची, पण आपल्या सवडीने. वडील बैलगाडीच्या चालीने, भोंगा वाजवत निघाले. आई मांडीवर पानं घेऊन नवरीसारखी ताठ बसली होती आणि मला हसू आवरत नव्हतं. फणसवाडीत अप्पा गॅलरीतच उभे होते. वडिलांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि गाडी त्यांच्यासमोरून डौलात पुढे गेली. थांबली ती तिसऱ्या घराशी.

"उतर, चार पावलां तर आसत," वडील म्हणाले.

"दारात," आई म्हणाली.

मागे हातगाड्यांची रांग लागलेली, म्हणून सगळ्या वाडीला वळसा घालून पुन्हा आलो. पुन्हा तेच. आम्ही सरकलो तशी अप्पांची मान डावीकडून उजवीकडे गेली. पोरं गाडीमागे धावत सुटली, गॅलऱ्या भरल्या, कुणीतरी "थांबलीच पाहिजे!" अशी घोषणा दिली. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. आईही हसत होती, पण पानं तिने मुठीत गच्च धरली होती.

तिसऱ्या खेपेला गॅलरी रिकामी होती. आईचं हसू एकदम मावळलं. "आत गेले," ती म्हणाली. "चला घरी." मला रडूच आलं.

तेवढ्यात वडील ओरडले. अप्पा गल्लीच्या मधोमध हात पसरून उभे होते, गाडी अडवायला. आई खिडकीतून अर्धी बाहेर आली. "अप्पा, सरका! ब्रेक नाहीत!" इतक्या वर्षांनी बापलेकीत झालेलं हे पहिलं बोलणं.

अप्पा सरकले, पण परत फिरले नाहीत. एका हाताने धोतराचा सोगा सावरत ते गाडीबरोबर धावायला लागले आणि दुसरा हात त्यांनी खिडकीतून आत घातला. सोनं लहानांनी द्यायचं, मोठ्यांनी घ्यायचं. मोठ्यांनी मागायचं नसतं. अप्पा धापा टाकत म्हणाले, "दे ना गं लवकर, गाडी चाललीय!"