मामांचं ‘नाय’ म्हणजे होय

सातवीत शाळा सोडून मी मालवणाकडून घाटकोपरला आले. मामांनी दीड खोलीत मला लेकीसारखं ठेवून घेतलं. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं बोलणं बिघडलं. मी मुळातच घाबरट, देवच पाण्यात घातले.

उजवा हात हळूहळू सावरला, पण शब्दांची अदलाबदल झाली. चष्म्याला मामा ‘घोसाळां’ म्हणायचे. मामीने बिचारीने बाजारातून घोसाळी आणून भजी तळली. मामांनी ती चवीने खाल्ली आणि परत नाकावर बोट आपटत, "घोसाळां! घोसाळां!" आम्ही हसून लोळलो, मामासुद्धा. ‘होय’ म्हणायचं असलं की तोंडातून ‘नाय’च यायचं. हॉस्पिटलात बोलणं परत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतंय. अक्कल जागच्या जागी आहे, फक्त हवा तो शब्द सापडत नाही." आम्हाला पटलं, पण चाळीला कोण पटवणार? तिने ‘वेड लागलं’ म्हणून टाकलं.

आणि नेमकी तेव्हाच दहिसरची मंडळी माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरवायला यायची होती. तिला मुलगा भलताच आवडलेला. मला म्हणाली, "बाबा नाय म्हणाले ना, तर वाट लागली बघ!"

मामीने मामांना बजावलं, "अवो, तुमी नुसती मान हलवा."

"नाय," मामा म्हणाले. म्हणजे कबूल.

पोहे झाले. मुलाचे वडील माझ्या बहिणीकडे बघत म्हणाले, "आमका चेडू पसंत आसा. तुमका सोयरीक मान्य मां?"

मामांचा चेहरा असा फुलला! हात जोडून म्हणाले, "नाय! नाय! नाय!"

मुलाच्या आईचा चमचा हवेतच राहिला. मामी घाईने म्हणाली, "अवो, ह्यांचा नाय म्हणजे होय."

"मग होय कसा म्हणतत?" मुलाच्या आईने विचारलं.

"नाय," मामांनी करून दाखवलं.

बहीण रडवेली झाली. काय सुचलं कोण जाणे, मी ताडकन उठले आणि चक्क गाऱ्हाणं घालायला लागले. आमच्याकडे देवापुढे एकजण मागणं मागतो आणि बाकीचे एका सुरात होकार देतात. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चेडवाचा लगीन ठरता हा, ता सुखान पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खणखणीत. मामांचा आवाज! मामी मटकन खालीच बसली. आरती, आकडे, शिव्या, असं जिभेवर बसलेलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं, हे हॉस्पिटलातल्या त्या बाईंनी मला नंतर समजावलं. त्या घटकेला मी नुसती हसत होते.

मुलाचे वडील मालवणीच, ते कशाला मागे राहतात! तेही उठले. "ह्या चेडू आमच्या घरात लक्ष्मी होवन येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"व्याह्यांकडसून आमका दर शिमग्याक कोंबडी-वडे मिळांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मामा रंगात आले होते.

मामी पदर खोचून मध्ये आली. "पुरे, पुरे! साखर वाटा आधी, नायतर हे घर पण देवन बसतीत!"