आत्याची छाती आणि माझं मशीन

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी मी एक मशीन हुशार केलं आणि त्याच वर्षी आपण स्वतः किती मठ्ठ आहोत हेही सिद्ध करून दाखवलं. पहिल्या कामगिरीबद्दल कॉलेजनं शाल दिली. दुसरीची दखल अजून कुणी घेतलेली नाही, म्हणून मीच घेते.

मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. संशोधनाचा विषय असा की, छातीचा एक्स-रे बघून कॉम्प्युटरनं सांगायचं, माणसाला क्षय आहे की नाही. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात कॉम्प्युटरपुढे एक्स-रेंचा ढीग ओतायचा, ही आजाऱ्याची छाती, ही निरोग्याची, असं सांगायचं आणि म्हणायचं, फरक तुझा तू शोध. तो फरक कसा शोधतो हे विचारायचं नाही. माझ्या गाईडनीही विचारलं नाही. आकडा चांगला आला की आमच्याकडे कुणीच कुणाला काही विचारत नाही.

आजाऱ्यांचे एक्स-रे एका दवाखान्यातून मिळाले. निरोगी छात्या मिळाल्या अंबडला, कारखान्यांतल्या कामगारांच्या वार्षिक तपासणी शिबिरांतून. यातले काही मशीनला शिकवायला वापरले, काही परीक्षेला. मशीन परीक्षेत असं काही पास झालं की मी दोनदा कोड तपासला. तिसऱ्यांदा तपासला नाही, कारण तोवर प्राचार्यांनी पत्रकारांना बोलावलं होतं. 'आता डॉक्टरांना सुट्टी!' असं प्राचार्य म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात स्क्रीनकडे बोट दाखवणारी मी छापून आले. फोटोत मी फारच विद्वान दिसते.

तो फोटो नामपूरला माझ्या आत्यानं पाहिला. माझी आई लवकर गेली, मला आत्यानं वाढवलं. माझ्या प्रत्येक परीक्षेचा निकाल तिनं अख्ख्या गल्लीला ऐकवलेला आहे, नापास झाले होते तो एक सोडून. तिला दोन महिने खोकला होता, वजन उतरलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी घेऊन ती थेट माझ्या दारात आली.

"थुंकी कशाले तपासू?" ती म्हणाली. "तुनी मशीन शे ना!"

इथं मी म्हणायला हवं होतं की आत्या, आधी थुंकी तपासू. पण एवढ्या कौतुकानं कुणी आपल्याला विचारलं की माणसाची अक्कल गहाण पडते. मी तिला घराजवळच्या एक्स-रेवाल्याकडे नेलं. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पत्र्याचा ताईत होता. शेजारच्या मैत्रिणीनं दर्ग्यावरून खास तिच्या खोकल्यासाठी आणला होता. मी लगेच प्रवचन सुरू केलं. एक्स-रेला धातू चालत नाही आणि या जमान्यात ताईत तर कुठेच चालत नाही, वगैरे. आत्यानं मुकाट्यानं तो काढला आणि पदराच्या टोकाला बांधला.

"डॉक्टरांचा रिपोर्ट संध्याकाळी मिळेल," एक्स-रेवाला म्हणाला. "रिपोर्ट माझ्याकडेच आहे," असं म्हणून मी फिल्मचा फोटो काढला आणि निघाले. संध्याकाळी परत गेले नाही. घरी मशीननं तो फोटो बघितला आणि हिरव्या अक्षरांत 'निरोगी' असं सांगितलं. मी थुंकीची चिठ्ठी फाडली, साधा खोकला आहे म्हणून सांगितलं, आणि काढ्याची बाटली देऊन आत्याला एसटीत बसवलं.

पुढे दीड महिन्यानं माझा संशोधनाचा लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी एक मागणी केली. मशीन छातीत नेमकं कुठे बघून निदान करतं ते दाखवा म्हणाले. तशी सोय असते. मशीनची नजर जिथे खिळते तो भाग चित्रात लाल होतो. मी चित्रं काढली. आजाऱ्यांच्या छातीत गळ्याच्या हाडापाशी, वरच्या बाजूला, लालभडक ठिपका होता. क्षय बहुतेक फुप्फुसाच्या वरच्या भागात धरतो, हे मी वाचलेलं होतं. मी खूश. कागद घेऊन आजाऱ्यांचे एक्स-रे देणाऱ्या दवाखान्यात गेले, डॉक्टरांची शाबासकी घ्यायला. डॉक्टर पेशंटमध्ये होते, म्हणून तिथल्या एक्स-रे टेक्निशियनला दाखवले. रोज सिन्नरहून येणारा, वयानं माझ्यापेक्षा मोठा माणूस. तो बघतच राहिला आणि मग हसायलाच लागला.

"मॅडम, हे फुप्फुसावर नाय, ताईतावर लाल झालंय."

मला कळेना. मग त्यानं समजावलं. "आजारी माणूस लय घाबरलेला असतो. गळ्यातलं काढा म्हटलं की रडायला लागतो. मी म्हणतो, राहू द्या, फक्त खांद्याकडे सरकवा. डॉक्टरांना फुप्फुस दिसलं म्हणजे झालं."

अंबडच्या शिबिरात असले लाड नव्हते. साखळी, दोरा, सगळं आधी ट्रेमध्ये. थोडक्यात, माझं मशीन चार वर्षं क्षय शोधत नव्हतं, ताईत शोधत होतं. ताईत दिसला की आजारी, नाही दिसला की ठणठणीत. परीक्षेचे एक्स-रेही त्याच दोन ठिकाणचे, त्यामुळे ते दर वेळी पहिलं येत होतं. एवढा खर्चिक कॉम्प्युटर घेऊन मी जे शोधलं, ते या माणसाला चहा पिता पिता दिसलं.

मी पण हसले. मग मला आत्याचा मोकळा गळा आठवला.

मी फोनमध्ये तिच्या एक्स-रेचा फोटो शोधू लागले. सापडला तसा टेक्निशियन हसायचा थांबला आणि फोन घेऊन आत गेला. डॉक्टर बाहेर आले ते चिडूनच. "उजवीकडे वर स्पष्ट दिसतंय. हिची थुंकी आजच तपासा. इतके दिवस काय करत होतात?" मी संशोधन करत होते, असं सांगायचा धीर झाला नाही.

दुपारच्या गाडीनं नामपूर गाठलं. आत्या ओट्यावर बसली होती, आणखी वाळलेली. ताईत पुन्हा गळ्यात होता. घरी गेल्या गेल्या तिनं तो घातला असणार, मला न सांगता. मी तिला सगळं सांगितलं. मशीन कसं फसलं, मी चिठ्ठी फाडायला नको होती, दीड महिना माझ्यामुळे वाया गेला. तिनं ऐकून घेतलं. मग ताईत दोन बोटांत धरून विचार करत म्हणाली, "मंग त्या दिवशी हाऊ गयामा ऱ्हाता, तर तुनी मशीन खरं सांगती?"

ताईत गळ्यात राहिला असता तर! माझ्या विषयावरचा इतका नेमका प्रश्न मला आजवर कुठल्याही सेमिनारमध्ये कुणी विचारलेला नाही. आणि त्याचं उत्तर एकच होतं.

"हो," मी म्हणाले, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. आत्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिला खोकल्याची उबळ आली, तेव्हा तिनं मला दोन्ही हातांनी दूर ढकललं, पदर तोंडावर दाबला आणि भिंतीकडे तोंड करून खोकत राहिली.