अठ्ठेचाळीसनंतर पासष्ट

मार्गशीर्षातला दुसरा शनिवार, संध्याकाळ. जागा: ठाकूरद्वारला आमच्या वाडीतल्या वाचनालयाची आतली खोली. हजर: बँकेतून निवृत्त झालेले काका, मासळीचा धंदा सुनेवर सोपवून वाचनाला लागलेल्या प्रभादेवीच्या मावशी, माझी धाकटी जाऊ, म्हणजे त्या दिवसाची लेखिका, आणि वाचनालयाची पुस्तकं सांभाळणारी मी. गैरहजर: माझे दीर. बायकोचं पुस्तक त्यांनी अर्ध्यावर सोडलं होतं. ते वाचायला घेतल्यापासून रात्री पाणी प्यायला उठलं तरी त्यांना दिवा लावावा लागायचा.

जावेचा हा पहिला कथासंग्रह. गोष्टी विचित्र, पुस्तक मिटल्यावरही अंगाला चिकटून राहणाऱ्या. वर्ष होत आलं तरी तिच्या कानावर प्रतिक्रिया आल्या त्या एवढ्याच: नातेवाईकांचं "कव्हर छान आहे" आणि सासूबाईंचं "तुमचं दोघांचं ठीक चाललंय ना गं?" दुसऱ्या संग्रहाच्या निम्म्या गोष्टी लिहून पडल्या होत्या. त्या दुपारी मेथी निवडताना ती म्हणाली, "वहिनी, आज काय म्हणतात ते ऐकते आणि थांबते. कोणापर्यंत पोचतच नसेल तर कशाला लिहायचं?"

आमच्या वाचनगटाचे नियम दोनच. वाचनालयाची एकच प्रत सगळ्यांनी आळीपाळीने वाचायची. आणि लेखक आला, तर बाकीच्यांचं बोलून होईपर्यंत त्याने तोंड उघडायचं ते फक्त चहासाठी.

काकांनी दाराच्या गोष्टीपासून सुरुवात केली. चाळीच्या गॅलरीत एका बाईला रोज एक दार जास्त दिसायला लागतं, ती गोष्ट. "दोन दिवस मी आमच्या मजल्यावरची दारं मोजत होतो," काका म्हणाले. "बायको म्हणाली, घरात या, लोक बघतात."

"मला शेवट आवडला," मावशी म्हणाल्या. "ती घाबरत घाबरत कडी काढते, आणि आत मिरच्या वाळत घातलेल्या. बाजूला म्हातारी बसलेली. विचारते, 'किती उशीर केलास?' मी रडले गं. आई गेल्यापासून मला असं कोणी विचारलं नाही."

जावेचा कप ओठांपाशीच थांबला. मीही चमकले. मी गोष्ट वाचली होती ती घरच्या प्रतीत. त्यात दाराआड त्या बाईचंच घर असतं, घरचे जेवायला बसलेले असतात, आणि तिला कोणी ओळखत नाही. मिरच्या आणि म्हातारी होती ती पुढच्या, लालबागच्या मसाल्याच्या गिरणीवरच्या गोष्टीत.

मी पुस्तक ओढून घेतलं. आमच्याकडे लोक जेवताना वाचतात, कठड्याला टेकून वाचतात. म्हणून नवीन पुस्तक आधी बाइंडरकडे जातं, उसवून पुन्हा शिवलं जातं आणि जाड पुठ्ठ्यात बसतं. या पुस्तकात सोळा पानांचा एक फर्मा मागेपुढे शिवला गेला होता. अठ्ठेचाळीसनंतर पासष्ट. आणि वाक्य वाक्याला असं चपखल लागलं होतं, की मला वाचूनही सांधा सापडेना.

"काका, पानांचे आकडे नाही पाहिलेत?"

"पाहिले की. वाटलं, तोही गोष्टीचाच भाग असेल. एवढी दारं वाढतात, तर पानं उडायला काय हरकत आहे?"

"आणि त्यानंतर लागते त्या गोष्टीचं काय?" मी मावशींना विचारलं.

"ती काही कळली नाही. पण शेवटी सगळी जेवायला बसली, तेवढं बरं वाटलं."

मी जावेकडे पाहायचं टाळलं. वर्षभराने तिला मनापासून दाद मिळाली होती, आणि तीही तिने न लिहिलेल्या शेवटाला. तिने पुस्तक मागितलं, ती दोन पानं वाचली, पुन्हा वाचली.

"बाइंडरला माझ्यापेक्षा जास्त कळतं," ती म्हणाली.

"असू दे. तुझा शेवट काय होता?" मावशींनी विचारलं.

तिने मागची पानं काढून खरा शेवट वाचून दाखवला. काका म्हणाले, "बाप रे. मी आता मोजायचं बंद करतो."

मावशी मात्र पुढे सरकल्या. "घरचीच माणसं ना? मग ओळखत का नाहीत तिला?"

"मला नाही माहीत, मावशी."

"मग शोध की. आणि ती म्हातारी तिची वाट का बघत होती, तेही शोध. ती दुसऱ्या गोष्टीतली असेल, पण बाईला ओळखते ती एकटीच. आता मला असं मध्येच सोडून जाऊ नको."

जाऊ हसली नाही. तिने माझ्यापुढचं पेन उचललं आणि चहाच्या पुड्याच्या कागदावर काहीतरी लिहून तो पर्समध्ये ठेवला. उठताना मला म्हणाली, "वहिनी, ही प्रत थोडे दिवस माझ्याकडे राहू दे. अशी दुसरी मिळायची नाही."

आता सकाळी स्वयंपाक उरकला की ती लिहायला बसते. म्हातारी कोण ते तिला सापडलंय म्हणे; घरच्यांचं अजून नाही. मावशी दर शनिवारी विचारतात, "पोचली का ती घरी?"

माझ्या सोमवारच्या कामांच्या यादीत एक ओळ मात्र तशीच आहे: 'जावेकडून पुस्तक घेऊन बाइंडरकडे दुरुस्तीला देणे.' वाचनालयाच्या चिटणीसांनी दोनदा आठवण केली. दर आठवड्याला मी ती ओळ पुढच्या यादीत उतरवून घेते.