कारखान्याच्या भिंतीकडेने

आमच्या गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि त्यालाही ते मनापासून आवडायचं. माझं टायरचं दुकान त्याच्या गॅरेजला खेटून, त्यामुळे त्याचा तोरा मी रोज फुकटात पाहत आलो. पुढच्या चाकातून आवाज येतो म्हणून कुणी गाडी आणली, की हा आधी चाक खोलायचाच नाही. "नाडी न बघता पोट फाडू का?" म्हणायचा. गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं, तोंड बंद ठेवायची तंबी द्यायची आणि गल्लीमागच्या बंद कारखान्याच्या लांबलचक भिंतीलगत गाडी हळूहळू न्यायची. काचा खाली. चाकाचा आवाज भिंतीवर आपटून खिडकीतून आत येतो. जाताना डाव्या चाकाचा, परतताना उजव्या. घरघर असली तर बेअरिंग. करकर असली तर पत्र्यात खडा. चिरका, दातात कळ नेणारा आवाज असला तर ब्रेकचे पॅड झिजलेत. मग चाक खोललं की निघायचंही तेच. 'दुसरीकडे दाखवा' हे शब्द मी त्याच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते.

मग एकाएकी गिऱ्हाइकाची रवानगी मागच्या सीटवर झाली आणि शेजारी वहिनी बसू लागल्या. या वयात प्रेमाला भरती आली म्हणून मी त्याची यथेच्छ टर उडवली. तो आधी हसला, मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "घरघर येते रे ऐकू. चिरकं काही येत नाही. पार गेलं. डॉक्टरांनी दिलेलं यंत्रही लावून पाहिलं, त्यात नुसता कल्ला. हिचे कान मात्र तिखट आहेत. चाक ओरडलं की ही गिअरवरच्या माझ्या हातावर हात दाबते. ही आहे तोवर दुकान आहे."

"मी बसत जाऊ का शेजारी?" मी विचारलं.

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगू? कान शेजाऱ्याकडून उसने आणलेत?"

त्या दिवसापासून मी थट्टा बंद केली, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांचा हेवाच वाटायला लागला.

परवा माझीच गाडी ओरडायला लागली. मी मागे बसलो, ती दोघं पुढे. भिंत सुरू झाली आणि डावं चाक असं किंचाळलं की माझे दात शिवशिवले. मी वहिनींच्या हाताकडे पाहिलं. त्यांचा हात त्याच्या हातावर अलगद होता. दाबत नव्हता.

भिंत संपली. "डावीकडे काही नाही," तो खुशीत म्हणाला. "उगाच घाबरतोस लेका."

गप्प राहिलो असतो तर त्याची अब्रू राहिली असती, पण उद्या दुसरा कुणीतरी असलीच गाडी घेऊन उतारावरून निघाला असता. मी म्हणालो, "दादा, येतोय आवाज. चांगला मोठ्याने येतोय."

त्याने वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी वळवून पुन्हा भिंतीच्या सुरुवातीला आणली.

"आता?"

"येतोय."

पुन्हा फेरी. तो जरा जोरात नेऊ लागला. वहिनींनी डोकं खिडकीबाहेर काढलं, पदर कानामागे खोचला. तोही त्यांच्या बाजूला झुकला. दोन म्हातारी माणसं चाकाकडे कान लावून बसलेली, आणि चाक जिवाच्या आकांताने ओरडतंय. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"आता?"

"येतोय, दादा. पुरे आता."

कारखान्याचा पहारेकरी फाटकातून बाहेर आला आणि आमच्याकडे बघत त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. वहिनींना तो दिसला. त्या झटकन आत आल्या आणि त्यांनी गिअरवरच्या त्याच्या हातावर हात दाबला, अगदी घट्ट.

पण पहारेकरी त्यालाही दिसला होता.

त्याने गाडी थांबवली. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"वर्ष होईल," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या कपाळाला आठी पडली की दाबत होते. मला वाटलं, थोडं तरी येत असेल तुम्हाला."

"मी आठी घालायचो ती तुझ्या हाताची वाट बघून."

म्हणजे ज्या गाड्या 'ठणठणीत' म्हणून त्याने सोडल्या, त्या कुठे कुठे फिरताहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते त्याच्याही मनात आलं असणार, कारण त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने वहिनींचा हात आपल्या हातावरून उचलला, हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला आणि इंजिन बंद केलं. मग किल्ली काढून मागे न बघताच माझ्यापुढे धरली.

"दुसरीकडे दाखव," तो म्हणाला.